आंब्यावरचं बाशिंग: काढायचं की ठेवायचं?

प्रश्न: लांज्याकडे आमची जुनी रायवळ आंब्याची झाडं आहेत. त्यांवर बाशिंग माजलंय. बांडगुळासारखं तेही झाडाचा रस ओढतं का? शहरात लोक ते शोभेला लावतात म्हणे, मग लागवड करता येईल का?

उत्तर: आधी बाशिंगावरचा आळ काढून टाकू. बांडगूळ फांदीत मुळं घुसवून रस ओढतं. ते चिकटलेल्या जागेच्या फूटभर खालून फांदीसकट कापायलाच हवं, तेही त्याची फळं पिकण्याआधी. नाहीतर फुलटोचे हे छोटे पक्षी त्याच्या चिकट बिया दुसऱ्या फांदीवर नेऊन लावतात. बाशिंग हे नेचं, म्हणजे फर्न. त्याची मुळं सालीला नुसती धरून असतात. बुंध्याला बिलगलेली तपकिरी, कागदासारखी पानं म्हणजे वाळका कचरा नव्हे. नवरदेवाच्या बाशिंगासारखी दिसतात, म्हणून तर हे नाव. त्यांच्या आड पाचोळा साचून कुजतो, तेच त्याचं खत. कोयतीने खरवडलंत तर साल जखमी होईल, नुकसान तुमचंच. फक्त पोकळ किंवा वाळक्या फांदीवरचं उतरवा. पावसात भिजून ते जड होतं आणि फांदी मोडते.

उतरवलेलंच लागवडीला घ्या. लोकरीसारखी लव असलेल्या आडव्या खोडाचे वीतभर तुकडे करा. प्रत्येकाला वाढता शेंडा हवा. जूनमध्ये पाऊस लागला की ते लाकडाच्या फळीवर किंवा नारळाच्या सोडणावर सुतळीने बांधा. टांगती टोपली असेल तर सोडणाचे तुकडे, कोळसा आणि कुजलेला पाचोळा भरा. खोड मात्र गाडू नका, गाडलं की कुजतं. जागा झाडाखालची किंवा शेडनेटमधली. उन्हाळ्यात हिरवी पानं गळतात, तेव्हा मेलं समजून फेकू नका, पावसाळ्यात पुन्हा फुटतं. तपकिरी पानं ‘साफसफाई’ म्हणून ओढून काढणारे मी पुष्कळ पाहिलेत. तेवढं टाळा. पानामागच्या बीजाणूंपासूनही रोपं होतात, पण त्याला फार धीर लागतो.

खोकला, ताप, सूज यांवर गावाकडे याचं खोड वापरतात. पण मी शेतीचा माणूस. पोटात घेण्याआधी वैद्यांना विचारा.

विक्रीचं म्हणाल तर बाजार समितीत याला भाव नाही, गिऱ्हाईक रोपवाटिकांचं. आधी त्यांच्याशी बोला, दहा-वीस टोपल्यांवर हात बसवा. राखीव जंगलातून मात्र परवानगीशिवाय एक तुकडाही आणू नका.