जोडतारा, जुळा तारा की युग्मतारा?

प्रश्न असा आहे की छोट्या दुर्बिणीतून सप्तर्षींतल्या वसिष्ठाकडे बघितलं तर एकाचे दोन तारे दिसले, मग ह्याला मराठीत जोडतारा म्हणायचं, जुळा तारा की युग्मतारा, आणि तो दुसरा म्हणजेच अरुंधती का?

माझ्या मते नुसते दोन जवळजवळ दिसले तर जोडतारा, आणि ते खरंच एकमेकांभोवती फिरतायत हे नक्की माहीत असेल तर युग्मतारा. हा फरक मला रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर नीट कळला. रात्री मासेमारीच्या होड्यांचे दिवे दिसतात ना, कधी दोन दिवे अगदी चिकटून असतात, वाटतं होड्या शेजारी शेजारी आहेत, आणि जरा वेळाने लक्षात येतं की एक जवळ होती नि दुसरी पार लांब, फक्त आपल्या नजरेच्या रेषेत आल्या होत्या. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलही ताऱ्यांचे जोड असेच एका रेषेत आलेले असणार असं धरून चालला होता, पण वीसेक वर्षांनी परत मोजमापं घेतली तर काही जोड एकमेकांभोवती सरकलेले, म्हणून १८०२ मध्ये त्याने अशांना बायनरी हा वेगळा शब्द वापरला. डबल म्हणजे जोड आणि बायनरी म्हणजे युग्म, असं धरलं की गोंधळ होत नाही.

कोणी म्हणेल जोड म्हणजे जोडलेलं, जसं जोडाक्षर. पण चपलांचा जोड कुठे एकमेकांना शिवलेला असतो? दोन मिळून एक धरतो एवढंच.

जुळा हा शब्द मात्र मला पटत नाही. जुळं म्हटलं की सारखे चेहरे डोळ्यासमोर येतात. दसऱ्यानंतर पाऊस गेला की संध्याकाळी हंस तारकासमूहातला अल्बिरिओ बघा, ६० मिमीच्या दुर्बिणीला तीस-चाळीस पट पुरे, एक सोनेरी आणि एक निळसर, इतका सुंदर जोड दुसरा नाही, आणि ह्यांना जुळे कसं म्हणणार! शिवाय हे दोघं एकमेकांना बांधलेले आहेत की नाही ह्यावर अजून एकमत नाही, म्हणजे तिथे युग्मतारा लिहिलं तर न ठरलेली गोष्ट आपण ठरवून टाकतो, जोडतारा कसाही बरोबरच राहतो.

संस्कृतात द्विवचन होतं, पुनर्वसू हे नावच मुळात द्विवचनी, दोन ताऱ्यांचं. मराठीत ती सोय उरली नाही म्हणून जोड हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

आता अरुंधती. ती वसिष्ठापासून साधारण १२ कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे, नजर चांगली असेल तर नुसत्या डोळ्यांनी दिसते, लग्नात दाखवतात ती हीच. तुम्हाला दुर्बिणीत वसिष्ठाला चिकटून दिसला तो वेगळा तारा, जेमतेम १४ विकलांवर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), म्हणजे अरुंधतीपेक्षा पन्नासेक पट जवळ. कमी पटीची आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, लावली तर तिघं एकाच वेळी दिसतील, वहीत लिहिताना "वसिष्ठ, जोडतारा, शेजारी अरुंधती" असं लिहा.