लेकरू रडायलंय, रडू दे, पण फसवू नको

प्रिय पोरी,

मेसेज वाचला तुझा. अर्धी लेकरं रडायलीत आन् उरलेली त्यांचं बघून रडायलीत, तर नवीन अंगणवाडी सेविकेचा जून महिना असाच जातो, राजीनामा बिजीनामा काही लिहू नको.

आधी आयांना धर. लेकरू खेळात गुंगलं की मागच्या मागं पळ काढायचा ही सगळ्या आयांची ट्रिक, आन् मदतनीस बाईच खुणावती "जा जा आता". हे बंद कर. वर्ष-दीड वर्षाच्या लेकराची आई नजरेआड झाली की ते घाबरंघुबरं होतं, तिसऱ्या वर्षापर्यंत ते बरंच कमी होतं कारण तोवर त्याला कळलेलं असतं की गेलेली आई परत येती. नुकतं कुठं हे कळलंय आन् तेच आपण खोटं पाडायचं, मग दुसऱ्या दिवशी ते खेळतच नाही, पदर धरून बसतं. आईनं तोंडावर सांगायचं, शेतात जायलेय, तुझी खिचडी खाऊन झाली की येते. आन् खरंच यायचं. घड्याळातले बारा त्याला कळत नाहीत, खिचडी कळती. आजी न्यायला येणार असेल तर आजीच म्हणायचं. दारात उभं राहून पाच वेळा "जाऊ का रे" विचारणारी एखादी असतीच, तिला गोड बोलून हाकल.

जे रडत नाही त्याच्याकडं मात्र जास्त बघ. कोपऱ्यात दप्तर मांडीवर घेऊन गप बसलंय, खिचडीला हात लावत नाही, लघवी दाबून धरतंय. रिपोर्टमधी ते "शांत मूल" म्हणून जातं. त्याला ओढून गोलात बसवू नको, शेजारी बसून चिंचोके मांडत राहा, कधीतरी त्याचा हात मधी येतो. सोमवारी आन् सणाच्या सुट्टीनंतर परत रडारड होणार हे धरूनच चाल. घरात नवं बाळ आलं की चांगलं शहाणं लेकरू पण चड्डी ओली करतं, त्याला कुणी हसायचं नाही, जास्तीच्या चड्ड्या ठेव म्हणजे झालं.

बाप लोक विचारतील, एबीसीडी कधी शिकवणार, गावात इंग्लिश मीडियमची गाडी येतीये म्हणून. मनगटात आठ हाडं असतात, जन्मताना तिथं सगळी कूर्चाच, म्हणजे मऊ हाडच असतं, ती एकेक करून घट्ट होतात आन् शेवटच्या हाडाला नऊ-दहा वर्षं लागतात. तीन वर्षाच्या हातात पेन्सिल कोंबून काय करणार? त्यापेक्षा पोळ्याच्या आधी चिखल आणून बैल करायला लाव, शेंगा सोलू दे, ज्वारीच्या धाटाच्या गाड्या करू दे, बोटं त्यानंच तयार होतात. ताराबाई मोडक आन् अनुताई वाघांनी 1945 ला बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा आजूबाजूला मिळेल तेच सामान वापरलं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पण 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, बापांना हे सांगून बघ, सरकारचं नाव घेतलं की जरा ऐकतात.

आता तुझ्या वस्तीचं खरं अवघड काम. धारूरकडची निम्मी घरं ऊसतोडीला जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी धरतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात त्यामुळं थांबायचा प्रश्नच नाही. हंगामी वसतिगृह असतं ते शाळेतल्या लेकरांना, तीन-चार वर्षाचं लेकरू आईबरोबर फडातच, म्हणजे तोडणीच्या उसात जातं. म्हणजे तू पावसाळाभर जे लेकरू रुळवलं ते दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघालं. जायच्या आधी आठवडाभर त्याच्याशी बोल, कुठं जायचं, ट्रॅक्टरमधी बसायचं, उन्हाळ्यात परत यायचं. वर्गातली गाणी आईच्या मोबाईलमधी रेकॉर्ड करून दे. लसीचं कार्ड आईच्या पिशवीत गेलं का बघ, आन् पोषण ट्रॅकर ह्या अंगणवाडीच्या सरकारी ॲपमधी स्थलांतर दाखव, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत नाव लागायला सोपं जातं. उन्हाळ्यात ते परत येईल तेव्हा बोटभर उंच झालेलं असेल आन् तुला ओळखणार पण नाही, मनाला लावून घेऊ नको. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायचं, निरोप, खिचडी, सगळं. फक्त जूनच्या लेकरात आन् ह्याच्यात फरक आहे, ह्यानं फड बघितलाय, कोपीत म्हणजे फडावरच्या झोपडीत झोपलंय, बैलाला वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा टाकलाय, त्याला त्याचं विचार. वर्गात बसून राहिलेल्या लेकरांपेक्षा जास्त बोलतं.

टोळी निघायची तारीख मात्र तुला कुणी येऊन सांगणार नाही. टोळी जमवणाऱ्या मुकादमाला विचारलं तर तो "बघू मॅडम" म्हणतो, त्याच्या बायकोला विचार, तिला सगळं माहीत असतं.

तुझी,
अंबाजोगाईची बाई