मागावर कान कसे जपायचे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कापड विणायच्या मागावरून उतरल्यावर तासभर कानात दडे बसतात आणि रात्री अंथरुणावर पडलं की बारीक शिट्टी वाजत राहते, असं तू लिहिलंस. ‘हळूहळू सवय होते’ असं बेळगावच्या वडगावात तुला कुणी ना कुणी सांगेलच. त्याचं मनावर घेऊ नकोस. सवय झाली असं वाटतं तेव्हा ऐकू येणंच कमी झालेलं असतं.

कानाच्या आत शंखासारख्या वळणदार नळीत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, एका कानात साधारण १५-१६ हजार. आवाजाने त्या आधी थकतात. तेच तुझे दडे. रोज थकत राहिल्या की मरतात, आणि मेलेली पेशी माणसाला परत येत नाही. पहिला घाव ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या बारीक आवाजांवर बसतो, म्हणून बोलण्यातले स, श, फ आधी हरवतात. दुकानदार ‘साठ’ म्हणतो, तुला ‘आठ’ ऐकू येतं, आणि तो नीट बोलत नाही असं तुला वाटतं.

हिशेब असा. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २, १०० ला फक्त १५ मिनिटं. कारखान्यांच्या नियमात ९० ची मर्यादा आहे, पण तू ८५ च धर. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं की ८५ ओलांडले समज. धोट्याच्या (शटलच्या) मागांच्या शेडात ९५ सहज होतात. म्हणजे पाऊण तासात दिवसाचा वाटा संपला!

कापसाचा बोळा इथे उपयोगाचा नाही. फोमचे इअरप्लग घे, आणि ते घालायला नीट शीक, कारण अर्धवट बसलेलं प्लग फार दिसतं. आधी तेलकट हात धू. प्लग बोटांत वळून सुरकुती न पडता काडीसारखं बारीक कर. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढ, म्हणजे नळी सरळ होते. मग प्लग आत सरकव आणि बोट लावून अर्धा मिनिट थांब, ते फुगू दे. आता दोन्ही तळवे कानांवर दाबून बघ. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग बसलेलं नाही. काढ आणि परत घाल.

मध्येच काढून ठेवू नकोस. ३० डेसिबलने आवाज कमी करणारं प्लगही ८ तासांपैकी अर्धा तास खिशात राहिलं, तर दिवसाचा फायदा जेमतेम १२ डेसिबलवर येतो.

गणपतीच्या आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीतही तेच प्लग खिशात असू दे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. आपल्या अरुंद गल्ल्यांत भिंती तो परत फेकतात, तेवढा उतरत नाही. तेव्हा डॉल्बीच्या भिंतीपुढे नाचायचंच असेल तर थोडा वेळ नाच आणि मागे सरक. दुसऱ्या दिवशी कानांना पूर्ण शांतता दे, हेडफोनसुद्धा नको.

मळ आपोआप बाहेर येतो. काडीने तो आत ढकलला जातो. खानापूरकडच्या पावसात कान ओला राहतो, त्यात कोरणं झालं की बुरशी धरते. लसणीचं तेल ओतू नकोस. कान वाहत असेल तर प्लग बंद, बाहेरून बसणारे इअरमफ वापर, आणि अंघोळीला व्हॅसलीन लावलेला बोळा ठेव. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर ‘मळ असेल’ म्हणून वाट बघू नकोस. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. उपचार लवकर सुरू झाले तरच ऐकू परत येण्याची आशा जास्त असते.

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, या महिन्यातच करून घे. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शेडात जाण्याआधी, म्हणजे थकलेल्या कानाचा आकडा येणार नाही. रिपोर्टची झेरॉक्स घरी ठेव. पुढच्या वर्षी ४,००० हर्ट्झचा आकडा तिच्याशी ताडून बघता येईल.

तुझा हितचिंतक