कर्जाचा उपकार ठेवीनं फेडायचा का?

निपाणीजवळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मालक साखर कारखान्यातून रिटायर झाले, वय ६१, हातात १४ लाख आलेत. गावातली सौहार्द सोसायटी, म्हणजे कर्नाटकातली सहकारी पतसंस्था, साडेदहा टक्के व्याज देते. बँकेत फॉर्म भरून द्यायलाही कोणी नसतं, आणि सोसायटीचा पिग्मीवाला, रोजची बचत गोळा करणारा, म्हणजे सख्खा भाचा, रोज संध्याकाळी दारात. मुलीच्या लग्नाला कर्जही तिथंच मिळालं; बँकेनं दोन महिने नुसत्या फेऱ्या मारायला लावल्या होत्या. सगळे पैसे तिथंच ठेवू का?

ताई, तुमचा त्या सोसायटीवर जीव का आहे ते मला कळतं. पिग्मी आपल्या कर्नाटकाचीच. १९२८ साली उडुपीत, पुढं जिला सिंडिकेट बँक म्हणायला लागले तिनं, दारोदार माणसं पाठवून रोजचे दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. जनधन खाती आली २०१४ ला. पण खातं निघणं वेगळं आणि अडल्या वेळी कोणी खुर्ची देऊन बसवणं वेगळं. ते काम आपल्याकडं सोसायट्यांनी केलंय, ते नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र तुम्ही कर्ज घेतलंत तेव्हा धोका सोसायटीचा होता. ठेव ठेवाल तेव्हा तो तुमचा.

आकडे बघा. १४ लाखांवर साडेदहा टक्क्यांनी वर्षाला १,४७,००० मिळतील. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के आहे, म्हणजे १,१४,८००. फरक ३२,२०० चा, महिन्याला पावणेसत्ताविसशेच्या आसपास. उद्या मुद्दल बुडालं, तर या फरकातून १४ लाख परत जमायला ४३ वर्षं लागतील.

बुडायला नको, पण बुडतं. बँक बुडाली, मग ती सहकारी बँक का असेना, तर एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० च्या आधी तो १ लाखच होता. सौहार्द सोसायटीच्या ठेवीला हा विमा नाही. पाटीवरचा रजिस्टर नंबर एवढंच सांगतो, की संस्था १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली नोंदलेली आहे. लोक तो सरकारी हमी म्हणून वाचतात. माझ्या मामांनीही तसाच वाचला होता. त्यांची अडीच लाखांची पावती अजून लोखंडी ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. सोसायटी बंद पडून बारा वर्षं झाली. वारस म्हणून मामींचं नाव लिहिलंय, मामी गेल्या.

(फायनान्स कंपन्यांच्या जाहिराती बघून तिकडंही वळू नका. रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या कंपनीच्या ठेवीलाही हा विमा नसतो.)

मी तुमच्या जागी असतो तर ११ लाख मालकांच्या नावानं पोस्टात ठेवले असते. दर तीन महिन्यांनी २२,५५० हातात येतील. ते पैसे पाच वर्षांसाठी अडकतात, आधी मोडले तर कापून घेतात, म्हणून दवाखान्यासाठी २ लाख बँकेत, मोडता येईल अशा ठेवीत. उरलेला १ लाख सोसायटीत ठेवायला माझी हरकत नाही, पण आधी गेल्या दोन वर्षांचे वार्षिक अहवाल मागा. सर्वसाधारण सभेला चहा पिऊन परत यायचं नाही. थकबाकी किती, ती वाढतेय का, संचालकांच्या घरातच किती कर्ज गेलंय, एवढं बघायचं. आणि तुम्हाला नाममात्र सभासद केलंय की मतदान करणारा, तेही विचारा. नाममात्र सभासदांकडून ठेवी घेणं म्हणजे बँकिंग कायदा मोडणं, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये लोकांना बजावलंय. अहवाल कन्नडात असेल, पावतीमागच्या अटीही. घरात कन्नड शाळेत शिकणारं कोणी असेल त्याला सही करायच्या आधी मोठ्यानं वाचायला लावा.

राहिला भाचा. त्याला ठेवींचं टार्गेट असणार, दोन दिवस तोंड पाडून येईल. पिग्मी रोज शंभराची करत असाल तर दीडशेची करा, चहा पाजा, आणि अहवाल त्यालाच आणायला सांगा. थकबाकीच्या पानाचा फोटो मला पाठवा, मग त्या एका लाखाचं बोलू.