८० हजारांत ४के गेमिंग: कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं आणि सेटिंग काय ठेवावीत?

प्रश्न: मी दादरला राहतो. ३२ इंची, १४४ हर्ट्झचा ४के मॉनिटर नुकताच घेतला आहे. पीसीत राइझन ५ ५६००, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० आणि ६५० वॅटचा पॉवर सप्लाय आहे. नव्या कार्डासाठी जास्तीत जास्त ८० हजार आहेत. कोणतं घेऊ? सगळं अल्ट्रावर ठेवून फ्रेम सेकंदाला ६० च्या खाली जायला नकोत.

उत्तर: 'सगळं अल्ट्रावर' हा हट्ट सोडलात तर ८० हजार पुरतात. नाही सोडलात, तर दीड-दोन लाखांचं कार्डही एखाद्या जड गेममध्ये मान टाकतं.

४के म्हणजे ३८४० × २१६०, जवळपास ८३ लाख पिक्सेल. १०८०पीच्या चौपट आणि १४४०पीच्या सव्वादोन पट. ६० फ्रेम हव्या असतील तर एवढं सगळं चित्र कार्डाने १६.७ मिलिसेकंदांत काढायचं. म्हणून आजकाल ४केवर खेळणारे बहुतेक लोक खरं चित्र लहान आकारात काढून घेतात आणि डीएलएसएस (एनव्हिडियाचं तंत्र) किंवा एफएसआरने (एएमडीचं तंत्र) ते मोठं करतात, यालाच अपस्केलिंग म्हणतात. क्वालिटी मोडमध्ये आतलं चित्र २५६० × १४४० असतं, परफॉर्मन्समध्ये १९२० × १०८०. त्यामुळे कार्ड निवडताना ४के नेटिव्हचे (म्हणजे मोठं न करता थेट ४केत काढलेल्या चित्राचे) तक्ते बघून घाबरू नका. त्याच गेमचे १४४०पीचे आकडे बघा आणि त्यातून थोडे कमी धरा, कारण चित्र मोठं करायलाही वेळ लागतो आणि टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं) शेवटी ४केच्याच लागतात.

टेक्स्चरसाठी कार्डाची स्वतःची मेमरी लागते, म्हणून पहिली अट १६ जीबी. आरटीएक्स ५०७० चा वेग चांगला आहे, पण १२ जीबीवर मी ४के मॉनिटरसाठी ते सुचवणार नाही. ५०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन्हींत मिळतं. १६ जीबीवालंही ४केला वेगात तोकडंच पडतं, आणि ८ जीबीवाल्याकडे तर बघूच नका, दुकानदार कितीही गळ घालू दे.

उरतात तीन: एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० टीआय, एएमडीचं रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी आणि साधं ९०७०. तिन्हींत १६ जीबी. ५०७० टीआय रे ट्रेसिंगमध्ये (प्रकाशाचे किरण हिशेबाने काढणं) पुढे आहे आणि डीएलएसएस जास्त गेममध्ये मिळतं. एफएसआर ४ चं चित्र आता खरोखर चांगलं दिसतं, मात्र ते मिळणाऱ्या गेमची यादी डीएलएसएसपेक्षा लहान आहे. ५०७० टीआय आणि ९०७० एक्सटीच्या भावात आठ-दहा हजारांहून जास्त फरक असेल आणि रे ट्रेसिंगचं वेड नसेल, तर ९०७० एक्सटी घ्या.

पण तुमचा पॉवर सप्लाय मध्ये येतो. ५०७० टीआय ३०० वॅट खातं, ९०७० एक्सटी ३०४. दोन्हींसाठी कंपन्या ७५० वॅट सांगतात. कार्डाचा वापर क्षणभरासाठी याच्या बराच वर उडी मारतो आणि जुना किंवा हलका सप्लाय नेमका तेव्हाच पीसी बंद पाडतो. साधं ९०७० मात्र २२० वॅटचं आहे, त्याला ६५० चालतो. तेव्हा ८० हजारांतच सगळं बसवायचं असेल तर दोन वाटा: ९०७० एक्सटी आणि नवा ७५० वॅटचा सप्लाय, किंवा आहे त्याच सप्लायवर ९०७० आणि उरलेल्या पैशांत रॅम ३२ जीबी. सप्लाय चांगल्या कंपनीचा आणि तीन-चार वर्षांच्या आतला असेल, तर मी दुसरी वाट धरेन. रॅम तशीही वाढवावी लागणारच.

घरात ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॅटचाच असतो. गेम चालू असताना वीज गेली की तो ओव्हरलोड होऊन पीसीसकट बंद पडतो. मॉनिटर आणि राउटर त्यावर ठेवा. पीसीला मोठा यूपीएस द्या नाहीतर सरळ सॉकेटवर लावा.

लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाण्याआधी कॅबिनेट मोजून घ्या: मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत. ही कार्डं ३०० ते ३४० मिलिमीटर लांब आणि अडीच-तीन स्लॉट जाड असतात. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, मधल्या वारी जा. बिलावर जीएसटी नंबर आणि कार्डाचा सीरियल नंबर हवाच. तो खोक्यावर आणि कार्डावर एकच आहे ना, हे काउंटरवरच बघा. 'बिल नको असेल तर कमी करतो' याला भुलू नका, सर्व्हिस सेंटरवाले आधी बिलच मागतात.

बसवताना: एनव्हिडियावरून एएमडीवर जाताय, तर सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर पुसायचा प्रोग्राम) चालवून जुना ड्रायव्हर पुसा. ८ पिनच्या प्रत्येक सॉकेटला सप्लायमधून वेगळी केबल द्या, एकाच केबलची दोन तोंडं वापरू नका. ५०७० टीआय घेतलंत तर १६ पिनचा कनेक्टर फट न राहता आत दाबा आणि तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवू नका. अर्धवट बसलेला कनेक्टर तापून वितळतो. बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) आणि रॅमचं एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डला नव्हे. ही चूक वाटते त्याहून जास्त होते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ हाताने निवडावं लागतं. एचडीएमआय २.० ची जुनी केबल ४केला ६० च्या पुढे जात नाही, म्हणून मॉनिटरबरोबर आलेली डिस्प्लेपोर्ट केबल वापरा.

आता सेटिंग. टेक्स्चर सर्वांत वर ठेवा. मेमरी पुरत असेल तर त्याने फ्रेम जवळजवळ कमी होत नाहीत. अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (तिरक्या पृष्ठभागांवरचे टेक्स्चर स्पष्ट ठेवणारं) १६ वर. सावल्या, व्हॉल्यूमेट्रिक धुकं, ढग आणि रिफ्लेक्शन अल्ट्रावरून हायवर किंवा मीडियमवर आणा, खरे फ्रेम इथेच परत मिळतात, आणि हलत्या गेममध्ये फरक शोधूनही सापडत नाही. मोशन ब्लर बंद. रे ट्रेसिंग सगळ्यात शेवटी, फ्रेम उरले तर. अपस्केलिंग क्वालिटीपासून सुरू करून बॅलन्स्डपर्यंत उतरा. ३२ इंचावर नेहमीच्या अंतरावरून परफॉर्मन्सही चालून जातं, लांबच्या तारा आणि झाडांची पानं सोडली तर. फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेले फ्रेम घालणं) मूळ फ्रेम ६० च्या आसपास असतील तरच लावा. ३० चे ६० करायला गेलात तर आकडा दिसतो ६०, पण माउस चिखलातून ओढल्यासारखा लागतो. शेवटी फ्रीसिंक किंवा जीसिंक (मॉनिटरला कार्डाच्या फ्रेमशी जुळवून घेणारी सोय) चालू करून फ्रेम १३८-१४० ला अडवा.

मे महिन्यात बंद खोलीत ३०० वॅटचं कार्ड म्हणजे छोटा हीटरच. पॉवर लिमिट १० ते १५ टक्के खाली ओढा. फ्रेम चार-पाच टक्केच जातात आणि पंख्याचा आवाज बराच उतरतो. मुंबईच्या दमट हवेत धूळ हीटसिंकला चिकटून बसते, तेव्हा दर तीन-चार महिन्यांनी ब्लोअर मारा, पंख्याची पाती बोटाने धरून.

एवढं करूनही अडखळत असेल तर टास्क मॅनेजर उघडा. शेअर्ड जीपीयू मेमरी (कार्डाची मेमरी भरल्यावर वापरली जाणारी रॅम) एकदम वर गेली असेल तर टेक्स्चर एक पायरी उतरवा. ती ठीक असेल, तर अपस्केलिंग क्वालिटीवरून परफॉर्मन्सवर करून बघा. फ्रेम वाढले तर कार्डच अपुरं पडतंय. जिथे होते तिथेच राहिले तर अडलाय तो ५६०० प्रोसेसर, आणि पुढचे पैसे त्याच्याच एएम४ सॉकेटवर बसणाऱ्या जास्त वेगवान प्रोसेसरसाठी ठेवा. ही चाचणी कार्ड घेण्याआधी ३०६० वरही करा. तिथे परफॉर्मन्स मोडवर किती फ्रेम येतात ते कळलं, तर नवं कार्ड आत्ताच हवं की भाव उतरेपर्यंत थांबता येईल, हेही ठरवता येईल.