एबीए का बुडाली, आणि तिचं काय उरलं

एबीए, म्हणजे अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन, या जुन्या व्यावसायिक लीगबद्दल तुम्ही विचारलंय, "एबीए नऊ हंगामांत बंद पडली, मग ती फसलेलीच लीग ना?" धंदा म्हणून फसली, हे खरं. पण आज एनबीए (तिची प्रतिस्पर्धी अमेरिकन बास्केटबॉल लीग) म्हणून आपण जे बघतो त्यातलं बरंच काही तिने घडवलं, असं माझं ठाम मत आहे.

१९६७ मध्ये ११ संघांनिशी ती सुरू झाली. पहिला कमिशनर, म्हणजे लीगचा प्रमुख, जॉर्ज मायकन, एनबीएचाच जुना दिग्गज. टीव्हीवर नेहमीचा चेंडू नीट दिसत नाही म्हणून लाल-पांढरा-निळा चेंडू त्यानेच आणला. तीन गुणांची रेषा (जिच्या पलीकडून केलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात) मात्र एबीएची कल्पना नव्हे; एब सॅपरस्टीनच्या एबीएल या दुसऱ्याच अल्पायुषी लीगमध्ये ती १९६१ लाच होती. एबीएने ती उचलली आणि शेवटपर्यंत टिकवली. एनबीएला ती पटायला १९७९ साल उजाडलं.

दोन लीग झाल्यामुळे खेळाडूंना पहिल्यांदाच भाव करता आला. मोझेस मलोन या खेळाडूला तर एबीएच्या युटा संघाने १९७४ मध्ये थेट शाळेतून घेतलं.

मग बुडाली का? मोठा राष्ट्रीय टीव्ही करार कधी हाती लागलाच नाही. १९७० मध्ये दोन्ही लीगच्या विलीनीकरणाची बोलणी चालली होती, पण पगार पुन्हा पडतील म्हणून एनबीएचा खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन आणि एनबीए खेळाडूंची संघटना कोर्टात गेली, आणि मामला सहा वर्षं अडकला. खेळाडूंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तोवर संघ गळत गेले. १९७५-७६ चा हंगाम चालू असतानाच सॅन दिएगो आणि युटा हे संघ बंद पडले.

ऑल-स्टार (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या) सामन्यासाठी दोन गट पाडण्याइतकेही संघ उरले नाहीत. म्हणून २७ जानेवारी १९७६ ला डेन्व्हरमध्ये डेन्व्हरचा संघ विरुद्ध बाकी सगळे असा सामना ठेवला आणि मध्यंतरात डंकची, म्हणजे उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये घालण्याची, स्पर्धा. नेट्स संघाचा ज्युलियस अर्व्हिंग पावलं मोजत पार पलीकडे गेला, तिथून लांब ढांगा टाकत आला आणि फ्री थ्रो रेषेजवळून उडाला तो थेट रिंगपाशी. याचं चित्रण मिळालं तर जरूर बघा. एनबीएने १९८४ मध्ये ऑल-स्टारला ही स्पर्धा ठेवली, तीही डेन्व्हरमध्येच.

जून १९७६ मध्ये नगेट्स (डेन्व्हरचा संघ), पेसर्स, स्पर्स आणि नेट्स हे एबीएचे चार संघ प्रत्येकी ३२ लाख डॉलर भरून एनबीएत गेले. नेट्सना पैशासाठी अर्व्हिंगच विकावा लागला. केंटकी संघाच्या मालकाने रोख रक्कम घेऊन संघ बंद केला. सेंट लुईस संघाच्या मालकांनी, सिल्ना बंधूंनी, मात्र रोख रकमेबरोबर त्या चार संघांच्या टीव्ही उत्पन्नातला सातवा हिस्सा कायमचा लिहून घेतला. त्या कलमापायी २०१४ मध्ये एनबीएला सुमारे ५० कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

आणि खेळाडू कमअस्सल होते म्हणाल, तर १९७७ च्या एनबीए ऑल-स्टार सामन्यातल्या २४ पैकी १० जण एबीएतून आलेले होते.