रेडिओचं घड्याळ साडेपाच तास मागे का?

प्रश्न : नमस्कार दादा, मुलाने मुंबईहून नवीन रेडिओ आणून दिलाय, त्यात आरडीएस (आवाजासोबत स्टेशनचं नाव, वेळ वगैरे माहिती स्क्रीनवर दाखवणारी सोय) आहे. आवाज छान येतो पण स्टेशनचं नाव कधी येतं, कधी अर्धंच येतं. आणि एक ठराविक स्टेशन लावलं की घड्याळ आपोआप बदलतं, सकाळी सात वाजता दीड दाखवतं. सेट बदलून घ्यावा का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : अजिबात घाई करू नका, सेट बहुतेक चांगला आहे. आधी घड्याळाचं बघू. सातचे दीड म्हणजे बरोबर साडेपाच तास मागे, तिथेच कारण सापडतं. स्टेशन दर मिनिटाला वेळ पाठवतं ती आपली नसते, युटीसी म्हणजे जगाची प्रमाणवेळ असते, आणि तिच्यासोबत किती अर्धे तास मिळवायचे तो आकडा वेगळा येतो, भारतासाठी 11. स्टेशनच्या मशीनमध्ये तो आकडा शून्यच राहिला असेल किंवा तुमच्या सेटमधला टाइम झोन चुकला असेल तर स्क्रीनवर युटीसीच दिसणार. वेळ पाठवणारं दुसरं एखादं स्टेशन लावून दोन-तीन मिनिटं थांबा. तिथे वेळ बरोबर झाली तर पहिल्या स्टेशनला जरूर कळवा, ऐकणाऱ्यांनी सांगितल्याशिवाय त्यांना ते कळणार कसं? तिथेही दीडच दिसले तर सेटचा मेनू तपासा. तोवर सेटच्या मेनूतलं सीटी (स्टेशनवरून आपोआप वेळ घेण्याची सोय) बंद करून वेळ हाताने लावा.

आता नाव. हा डेटा आवाजासोबतच पण 57 किलोहर्ट्झवर, फार हलक्या ताकदीने येतो, आणि आठ अक्षरांचं नाव दोन-दोन अक्षरांच्या चार तुकड्यांत येतं. प्रत्येक तुकड्यासोबत तपासणीचे बिट असतात, तुकडा खराब मिळाला की सेट तो टाकून देतो म्हणून नाव अर्धं राहतं. थोडी खरखर असली तरी आपला कान गाणं ऐकून घेतो, डेटाला तेवढं चालत नाही. त्यात आपल्याकडे डोंगर, एकच सिग्नल सरळही येतो आणि डोंगरावर आपटून जरा उशिराही येतो, त्यामुळे सिग्नलच्या रेघा पूर्ण दिसतात आणि नाव मात्र तुटतं. अशा वेळी एरियल नुसतं लांब करून भागत नाही (एफएमला साधारण 75 सेंटीमीटर पुरतं), सेटची जागा बदलायला लागते, कधीकधी हातभर सरकवला तरी फरक पडतो. पत्र्याखाली किंवा चिऱ्याच्या जाड भिंतीच्या आत ठेवला असेल तर खिडकीत आणा. खाऱ्या हवेने एरियलच्या सांध्यांवर गंज धरतो, तो कोरड्या फडक्याने पुसत जा. चार्जर आणि एलईडी बल्ब लांब ठेवा.

नाव रोमन अक्षरांतच दिसेल, मूळ आरडीएसच्या अक्षरांत देवनागरी नाही. गाण्याची वगैरे माहिती येते ते रेडिओटेक्स्ट, ते 64 अक्षरांपर्यंत. काही स्टेशनं नावाच्याच आठ अक्षरांत जाहिरात सरकवत राहतात, हे नियमाला धरून नाही आणि मला तर मुळीच पटत नाही, कारण त्याने कुठलं स्टेशन लागलंय हेच कळेनासं होतं. आणि हो, घरच्या सेटवर एएफ (तेच स्टेशन दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर शोधणारी सोय) बंद ठेवा. हायवेवर गाडीत ते कामाचं, घरात सेट उगाच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर उडी मारतो.

प्रश्न : निसर्ग वादळात लाईट गेली, मोबाईलही बंद. रेडिओच्या पुस्तिकेत अलार्म असं काहीतरी आहे, तो चालू ठेवला तर वादळाची सूचना आपोआप येईल का?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : आरडीएसमध्ये कार्यक्रमाचा प्रकार सांगणारे कोड असतात, त्यात 31 नंबर अलार्मचा. तो आला की काही सेट आपोआप जागे होतात किंवा आवाज वाढवतात. पण स्टेशनने तो पाठवला तरच, आणि तुमचा सेट त्या वेळी त्याच स्टेशनवर लागलेला असेल तरच. त्याच्या भरवशावर कृपया झोपू नका. 3 जून 2020 चा तुमचा अनुभव बघता मी सांगेन की वादळाचा इशारा असेल तेव्हा आकाशवाणीच्या बातम्या कानाने ऐका, सेल जास्तीचे घेऊन ठेवा आणि फ्रिक्वेन्सी कागदावर लिहून सेटलाच चिकटवा. मीडियम वेव्हवर आरडीएस नसतोच, नाव-घड्याळ काही येणार नाही, पण डोंगराआडच्या वाडीत एफएम पोचत नाही तिथे ती पोचते. मीडियम वेव्हसाठी वरचं एरियल ओढून उपयोग नाही, तिचं एरियल सेटच्या आत असतं, त्यामुळे आख्खा सेटच हळूहळू फिरवा आणि आवाज सगळ्यात स्वच्छ येईल तिथे ठेवा.